बोरगावचा सूर्यास्त, मेलबर्नच्या वेळेने

कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात बारीक घड्याळ दिसतं ना, ते मेलबर्नच्या वेळेवर लावायचं, एवढाच नेमगोंडा मगदूमांचा बेत होता. त्यात कुणाचं वाईट चिंतलेलं नव्हतं, कुणाला त्रास द्यायचा नव्हता. तरीही त्यापायी बोरगावात बस्तीमागच्या, म्हणजे जैन मंदिरामागच्या, गल्लीत भरदुपारी सूर्य मावळला आणि समोरच्या घरातल्या अक्काताईंच्या पोटात दिवसभर अन्नाचा कण गेला नाही. हे कसं झालं ते सांगायचं तर आधी घंटेबद्दल सांगायला हवं.

गल्ली जैनांची. दिवस मावळायच्या आत जेवायचं आणि नंतर काही तोंडात घालायचं नाही, हा तिथला पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता. बायको, कांताबाई, होत्या तोवर नेमगोंडांना सूर्याकडे बघायची गरज पडली नाही. ‘दिवस चाललाय, उठा आता’ अशी हाक स्वयंपाकघरातून यायची आणि ते पाटावर जाऊन बसायचे. कांताबाई गेल्या आणि हाक बंद झाली. कॉम्प्युटरसमोर बसल्याबसल्या खिडकीबाहेर अंधार पडायचा, मग नेमगोंडा तसेच उपाशी झोपायचे, आणि ते उपाशी झोपलेत हे जगात कुणालाही कळायचं नाही. शेवटी त्यांनी स्वतःच एक प्रोग्राम लिहिला. पंचांगातल्या सूर्यास्ताच्या वेळा त्यात भरल्या, आपल्याच आवाजात दोन वाक्यं रेकॉर्ड केली आणि एक स्पीकर खिडकीत ठेवला. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी घंटा वाजायची आणि नेमगोंडा आकाशवाणीच्या थाटात म्हणायचे, ‘दिवस मावळतीला आला आहे. कृपया जेवून घ्यावे.’ नंतर पुन्हा घंटा, ‘सूर्यास्त झाला आहे. अन्नपाणी बंद.’

केलं होतं स्वतःपुरतं, पण गल्लीला ते आवडलं. बायका घंटेवर तवा चढवू लागल्या. बस्तीच्या कमिटीने अभिनंदनाचा ठराव केला. नेमगोंडांना दिवसभरात कुणाशी बोलायचं कारण पडत नसे, पण संध्याकाळी सगळी गल्ली त्यांचं ऐकायची. एखाद्या माणसाला तेवढंही पुरतं.

तर हे मेलबर्न. तिथे त्यांची एकुलती एक मुलगी प्रिया नोकरीला होती. रविवारी ती फोन करायची आणि बाकीचे दिवस नेमगोंडा बोटांवर तास मोजायचे. इथे इतके वाजले, म्हणजे तिथे किती? पुढे की मागे? त्यात तिथलं सरकार उन्हाळ्यात सगळ्या राज्याची घड्याळं एक तास पुढे करतं, हे कळल्यावर नेमगोंडांना तो सरळ अपमान वाटला. टेलिफोन खात्यात अख्खी नोकरी घड्याळाच्या काट्यावर केलेला माणूस तो.

त्यांनी हा विषय गिरणीवाल्या भरमूकडे काढला, आणि तिथेच चुकलं. भरमूचं म्हणणं, निपाणीहून भिंतीवरचं आणखी एक घड्याळ आणावं आणि त्यावर मेलबर्न म्हणून चिठ्ठी चिकटवावी, कुठल्याशा हॉटेलात त्याने तसं बघितलं होतं. बस्तीच्या कमिटीचे सेक्रेटरी कुमार तिथे दळण घेऊन आले होते. त्यांनी मोबाईल काढून दाखवला की यात जगातली सगळी घड्याळं आहेत. दोघांचंही बरोबर होतं, म्हणून नेमगोंडांना जास्त राग आला. भिंतीवर दुसरं घड्याळ लावलं तर येणारा-जाणारा विचारणार, हे कशाला? मग काय सांगायचं, की पोरीची आठवण येते? आणि मोबाईलवर वेळ बघणं म्हणजे बेळगावच्या कॅम्पात खात्याने दिलेलं युनिक्सचं ट्रेनिंग पाण्यात गेल्याची कबुलीच. नेमगोंडांच्या कॉम्प्युटरवर लिनक्स होतं. अख्ख्या बोरगावात ते एकट्याकडेच होतं, आणि तसं ते विषय नसताना सांगतही असत.

काम एका ओळीचं. कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या काळ्या खिडकीत ती टाइप केली, यंत्राला वेळ विचारली, यंत्राने मेलबर्नची वेळ सांगितली. नेमगोंडा खूश झाले, खिडकी बंद केली, चहा केला, परत येऊन विचारलं तर पुन्हा बोरगाव. खिडकी मिटली की तिच्यात सांगितलेलं यंत्र विसरतं. कायमचं सांगायचं असेल तर ते एका फाइलीत लिहून ठेवावं लागतं. लॉगिन केलं की यंत्र पहिल्यांदा ती फाइल वाचतं आणि आपण कोण, कुठले, कुठली भाषा, कुठलं घड्याळ हे ठरवून घेतं. पुस्तकात याला एन्व्हायर्नमेंट म्हणतात, नेमगोंडा हवापाणी म्हणायचे. लॉगिनला जे हवापाणी ठरलं, त्याच हवापाण्यावर पुढचे सगळे प्रोग्राम पोसले जातात. हे सगळं नेमगोंडांना तोंडपाठ होतं. तेवढं ध्यानात राहिलं असतं तर ही गोष्ट झाली नसती.

ती फाइल नावाआधी टिंब असलेली असते आणि टिंब असलं की फाइलींच्या यादीत ती दिसत नाही. असते, रोज काम करते, पण दिसत नाही. निवृत्तीनंतर माणसाच्या नावाआधी कुणीतरी असंच टिंब देत असावं, असं नेमगोंडांना कधी कधी वाटायचं. ते असो. फाइल सापडेना म्हणून त्यांनी तसल्याच नावाची एक नवी, कोरी तयार केली आणि ओळ घालण्याआधी पुन्हा लॉगिन करून बघितलं. आता यंत्राचा नियम असा की ही नवी मिळाली तर ते जुनीकडे ढुंकून बघत नाही. जुनीत घंटेचा प्रोग्राम कुठे ठेवलाय त्याचा पत्ता होता. संध्याकाळी यंत्राने कळवलं, घंटा नावाची वस्तू आम्हाला सापडत नाही.

सूर्य काही नेमगोंडांसाठी थांबणार नव्हता. त्यांनी स्वयंपाकघरातून पितळी ताट आणलं, पळीने बडवलं, खिडकीत उभं राहून आकाशवाणीच्या आवाजात ओरडले, ‘दिवस मावळतीला आला आहे. कृपया जेवून घ्यावे.’ अर्ध्या तासाने पुन्हा ताट, पुन्हा आवाज. गल्लीत कुणाला काही कळलं नाही. समोरच्या अक्काताई मात्र दुसऱ्या दिवशी म्हणाल्या की काल स्पीकर लई गोड वाजला, दुरुस्त केलास काय? नेमगोंडांनी हो म्हटलं.

मग त्यांनी नवी फाइल पुसली, पुन्हा लॉगिन करून घंटा चालू केली, जुनी शोधली, त्यात शेवटी मेलबर्नची ओळ घातली आणि गप्प बसले. कारण ओळ लागू व्हायची ती पुढच्या लॉगिनला, आणि चालती घंटा बंद करून पुन्हा लॉगिन करायची त्यांची छाती होईना. यंत्र तसंच चालू राहिलं. कोपऱ्यात बोरगावची वेळ, पोटात मेलबर्नची ओळ.

कार्तिकातली अष्टान्हिका, जैनांचं आठ दिवसांचं व्रतपर्व, चालू असताना नेमगोंडांना बेळगावला जायचं होतं. पेन्शनच्या कचेरीत हयातीचा दाखला द्यायचा होता. सकाळीच वीज गेली आणि आली. यंत्र बंद पडून चालू झालं, नेमगोंडांनी घाईघाईने लॉगिन केलं, आणि कोपऱ्यात मेलबर्न उगवलं. ते बसची वेळ विसरून बघत राहिले. तिकडे दुपार कलत होती. म्हणजे प्रिया कामात असेल. मग घरी येईल, दिवस असतानाच जेवेल, कांताने तिच्याकडून तसा शब्दच घेतला होता. नेमगोंडांना एकदम पोरगी शेजारच्या खोलीत असल्यासारखं वाटलं. कुलूप लावून ते बसला पळाले. घंटेचा प्रोग्रामही आता त्याच हवापाण्यावर जागा झालाय, हे त्या आनंदात त्यांच्या डोक्यात शिरलंच नाही.

बेळगावच्या कचेरीत यंत्रावर अंगठा टेकवून आपण जिवंत असल्याचं सिद्ध करायचं होतं. नेमगोंडांचा अंगठा यंत्राला पटेना. उजवा, डावा, पुसून, ओला करून, सगळं झालं. खिडकीतल्या बाईंनी आधी कन्नडात आणि मग हिंदीत सांगितलं की थोडा वेळ बसा, हात गरम करा. समोर उभे असूनही आपण हयात ठरत नाही, याचं नेमगोंडांना फार लागलं. त्यातच भरमूचा फोन आला. नेमगोंडांनी तो कापला. अंगठा चोळत असताना पुन्हा आला, पुन्हा कापला. अखेर यंत्राने ते हयात असल्याचं मान्य केलं, तेव्हा बाहेर येऊन त्यांनीच फोन लावला.

‘अण्णा, कुठं हायसा?’ भरमू म्हणाला. ‘तुमचा कॉम्प्युटर हिथं दिवस मावळला म्हणून वरडालाय. सूर्य डोक्यावर हाय.’

भरमूने पुढचं रंगवून सांगितलं. बाराच्या सुमारास घंटा वाजली. पोरं शाळेत, पुरुष शेतावर, बायका चुलीपाशी. आधी सगळ्या हसल्या. मग दुसरी घंटा झाली, ‘सूर्यास्त झाला आहे. अन्नपाणी बंद.’ कुणाचा घास हातात, कुणाचं ताट नुकतंच वाढलेलं. कुमार बस्तीतून धावत आले आणि नेमगोंडांच्या बंद दारापुढे उभं राहून त्या आवाजाला समजावू लागले. शेवटी भरमूने बाहेरच्या जिन्याखालचा मेन स्विच खाली ओढला आणि मगदूमांचं घर गप्प झालं.

नेमगोंडांनी तिथेच मनातल्या मनात हिशेब मांडला आणि कपाळाला हात लावला. मेलबर्नचं घड्याळ साडेपाच तास पुढे, त्यावर बोरगावच्या सूर्यास्ताची वेळ भरदुपारीच झाली होती. शिवाय मेलबर्नात उन्हाळा, तिथला सूर्य रात्री आठनंतर बुडतो. म्हणजे बोरगावातही ऊन आणि मेलबर्नातही ऊन. दोन्हीकडे कुठेच न झालेला सूर्यास्त त्यांनी जाहीर केला होता.

‘हसण्यावारी गेलं असतं,’ भरमूचा आवाज उतरला, ‘पर आक्कांनी हात जोडलं.’

अक्काताई म्हणजे गल्लीतलं सगळ्यात वयस्क माणूस. कांताबाईंना त्यांनी सुनेसारखं वागवलेलं. आठवड्यापूर्वी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्याने जेमतेम उजेड कळायचा. अष्टान्हिकेचं एकाशन चालू होतं, म्हणजे दिवसातून एकदाच जेवायचं, दुपारी. सून त्रिशला डोळ्यात थेंब घालून, ताट झाकून निपाणीला शाळेत शिकवायला गेली. अक्काताई माजघरात आडव्या झाल्या, डोळा लागला, आणि जाग आली ती ‘अन्नपाणी बंद’ ऐकून. दिवसभर झोपलो, जेवण राहिलं, असं त्यांना वाटलं. त्यांनी उठून हात जोडले, णमोकार मंत्र म्हटला आणि चारी आहारांचा, म्हणजे खाण्याचा आणि पाण्याचाही, त्याग केला. भरमू सांगायला पोचला तेव्हा उशीर झाला होता. एकदा हात जोडले ते जोडले, उद्या सूर्य उगवल्याशिवाय सुटत नाहीत.

बस निपाणीपर्यंत येईतो नेमगोंडांनी बरीच कारणं तयार केली. वीज. व्हायरस. उपग्रह. बोरगावात उतरले तर गिरणीपुढे मंडळी जमलेलीच होती. कुमार म्हणाले, लोकांची तक्रार आहे, कमिटीपुढे तोंडी खुलासा करावा लागेल, तोवर घंटा बंद ठेवावी, आणि अभिनंदनाचा ठराव मागे घ्यायचा की नुसता तहकूब ठेवायचा यावर चर्चा होईल. कुणी म्हणालं, हे बस्तीतल्या उपाध्यांना विचारा, चुकीच्या वेळी घेतलेला त्याग धरायचा की नाही. उपाध्यांना आधीच विचारून झालं होतं. त्यांनी अक्काताईंना सांगितलं होतं की अजाणता झालं, औषधापुरतं पाणी घ्या. त्यावर अक्काताई म्हणाल्या होत्या, डोळ्यात थेंब घाला, डोळा काय गिळत न्हाय, पर तोंड उघडणार न्हाय. भरमूने कॉम्प्युटर फॉरमॅट मारायचा सल्ला दिला. तो कुठल्याही आजारावर हाच सल्ला देतो.

नेमगोंडा तिथून सरळ निघाले. घरी गेले नाहीत. घंटा गेली तर आपण गल्लीत कोण, हे त्यांना गिरणीपासून अक्काताईंच्या दारापर्यंत चालताना नीट कळलं होतं. पण त्याहून जड होतं ते उपाशी म्हातारं माणूस.

अक्काताई सोप्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. ओठ सुकलेले. त्रिशला आतून बाहेर आली, नेमगोंडांना बघून परत आत गेली. आत भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला.

‘आक्का, वीज गेलती,’ नेमगोंडांनी सुरुवात केली.

‘वीज गेल्यावर सूर्य मावळतोय व्हय?’

मग त्यांनी सगळं सांगितलं. एन्व्हायर्नमेंट, टिंबवाली फाइल, हवापाणी. अक्काताईंनी ते संपेपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘ते समदं ऱ्हाऊ दे. मेलबर्नचं घड्याळ कशापायी?’

‘प्रिया तिकडं आता काय करत असंल, ते कळावं म्हणून.’ बोलून झाल्यावर नेमगोंडांना ते फार पोरकट वाटलं. ‘घर लई गप असतंय आक्का. तिचं घड्याळ तरी घरात असावं म्हटलं.’

‘मग काय करालीय ती आता?’

नेमगोंडांनी मनात तास मिळवले. ‘झोपली असंल. रात्र झाली तिकडं.’

‘तुला कसं ठावं? फोन केल्तास?’

नव्हता केला. ते स्वतःहून कधीच करत नसत. सकाळी ती घाईत असेल, दुपारी कामात, संध्याकाळी जेवत, रात्री झोपलेली. घड्याळाकडे बघितलं की फोन न करायला कारण मिळायचं, आणि त्यांना ते समजूतदारपणाचं वाटायचं. आत्ता अक्काताईंपुढे ते तसं वाटेना.

‘लाव,’ अक्काताई म्हणाल्या. ‘मी उपाशी हाय तवर माझं ऐकायचं.’

त्रिशला ताट घेऊन आली. भाकरी, वांग्याची भाजी, दही. ते नेमगोंडांपुढे ठेवून म्हणाली, जेवा मामा, दिवस हाय अजून, सकाळपासून तुमच्याबी पोटात काही नसंल. खरोखरच नव्हतं. त्यांना घास घेववेना. कुणीतरी वाढून पुढे ठेवलेलं ताट त्यांनी फार दिवसांनी बघितलं होतं. उष्टा हात हे फोन न करायला निमित्त होऊ नये म्हणून आधी फोन लावला आणि अक्काताईंना ऐकू जावा म्हणून स्पीकर चालू करून खाली ठेवला.

पहिल्याच घंटीला प्रियाने उचलला. ‘आप्पा? काय झालं? बरं हाय न्हवं?’ आवाज घाबरलेला. बापाने आपणहून फोन केला तर काहीतरी वाईटच असणार, एवढंच तिला माहीत होतं.

‘काय न्हाय गं. झोपलीस काय?’

‘आत्ता आलोय घरात. शिफ्ट लांबली.’

‘रात्री अकराला? रोज?’

‘आठवड्यातनं बऱ्याच वेळा.’

‘मग जेवतीस कवा?’

पलीकडे पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग प्रिया हळूच म्हणाली, ‘कामावर बिस्किटं खातो दिवस असताना. घरी यिऊन मग न्हाय खात. आईला शब्द दिलता न्हवं. सुट्टीला जेवतो नीट, आप्पा. तुम्ही काळजी करू नगासा.’

नेमगोंडांनी ताटाकडे बघितलं. तिचं घड्याळ त्यांनी मिनिटागणिक बरोबर लावलं होतं. त्या घड्याळात ती रोज वेळेवर घरी येत होती, उजेडात जेवत होती आणि पोटभर जेवून झोपत होती. त्यांनी फोन अक्काताईंच्या बाजूला सरकवला.

अक्काताई भिंत सोडून पुढे सरकल्या आणि आवाजाच्या दिशेने हात लांब करून त्यांनी फोन चाचपला. ‘प्रिया, मी समोरची आक्का. आज तुझ्या घड्याळावर मी उपाशी ऱ्हायलोय. का, ते बाप सांगंल तुझा. घरात काय हाय खायाला?’

‘भात हाय कालचा. पर आक्का, रात्र झालीया.’

‘तिकडं झालीया. हिकडं उन्हं हायत. मी तुझ्या वेळंवर उपास धरला, तू माझ्या वेळंवर जेव. घे वाढून. आणि फोन ठिवू नगं.’

पलीकडे भांड्याचं झाकण वाजलं, नळ वाजला, खुर्ची ओढल्याचा आवाज आला. नेमगोंडांनी भाकरी मोडली. तिकडे चमचा ताटाला लागत होता आणि इकडे त्रिशला दाराशी उभी राहून ऐकत होती. प्रियाने भाताबरोबर लोणचं घेतल्याचं सांगितलं. मग म्हणाली, आप्पा, तुमचं काय हाय ताटात? त्यांनी सांगितलं. ती म्हणाली, मी आणखी थोडा भात घेतो. नेमगोंडांचं जेवण झालं होतं, ते हात तसाच ठेवून बसून राहिले.

समोरच्या भिंतीवरून ऊन कधीच उतरलं होतं. बस्तीच्या शिखरावर होतं तेवढंही गेलं. समोरच्या खिडकीतला स्पीकर मुकाच होता, मेन स्विच अजून खालीच होता. अक्काताईंनी हिरवी पट्टी बांधलेला चेहरा दाराकडे वळवला.

‘नेमू,’ त्यांनी विचारलं, ‘हायत न्हवं रं उन्हं अजून?’

फोनमध्ये चमचा थांबला.

नेमगोंडांनी बाहेर बघितलं. ‘हायत, आक्का,’ ते म्हणाले, ‘अजून लई हायत.’